लायलॅकचं झुडूप आणि 'तुमचा नमुना नेमका कोणता?' हा प्रश्न

पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही ज्यावर काम करणार आहात तो नमुना कुठून आणणार, आणि तो तोच आहे हे कशावरून?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. अमुक नर्सरी, अमुक कंपनी, अमुक प्रयोगशाळा. दुसऱ्या अर्ध्यावर मात्र गाडी अडते. कारण 'पाकिटावर तसं लिहिलंय' हे उत्तर पुरत नाही.

या प्रश्नाची व्याप्ती समजून घ्यायला आज आपण एका झुडपाचा इतिहास बघू. झुडूप आपल्याकडचं नाही. युरोप-अमेरिकेत जुन्या घरांच्या अंगणात असतं ते, म्हणजे लायलॅक. शास्त्रीय नाव सिरिंगा व्हल्गारिस. त्यातल्या 'व्हल्गारिस'चा अर्थ 'सर्वसाधारण', म्हणजे घरोघरी दिसणारं. चार पाकळ्यांच्या जांभळट फुलांचे दाट तुरे आणि दूरवर जाणारा वास. तिकडे कितीतरी लोकांच्या आठवणीत आजीच्या अंगणातला म्हणून हाच लायलॅक असतो. आपल्याला तो अगदीच परका नाही, कारण त्याचं कुळ आपल्या ओळखीचं आहे: ओलिएसी. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक याच कुळातले. ऑलिव्हही त्याच कुळातला, आणि कुळाचं नाव त्याच्यावरूनच पडलंय.

आपल्याकडे मग तो का दिसत नाही? लायलॅकच्या कळ्यांना उमलण्याआधी लांबलचक थंडी लागते. ती मिळाली नाही तर झुडूप जगेल, पण फुलणार नाही. पुण्या-नाशिकची डिसेंबरातली थंडी त्याला पुरत नाही. भारतात त्याचा एक भाऊबंद आहे, सिरिंगा इमोडी. तो हिमालयात उंचावर रानात वाढतो.

नाव काय सांगतं?

सुरुवात नावापासून करू, कारण संशोधनाची सुरुवातही बहुतेक वेळा नावाने शोध घेण्यापासूनच होते.

'लायलॅक' हा शब्द मागे मागे नेला तर तो आपल्या दारात येतो. संस्कृतातलं 'नील', फारसीत त्यावरून आलेला निळसर अशा अर्थाचा शब्द, तिथून 'न'चा 'ल' होऊन अरबी आणि तुर्की, मग फ्रेंच आणि इंग्रजी. म्हणजे आपली 'नीळ' आणि त्यांचा 'लायलॅक' एकाच मुळाचे. पण लक्षात घ्या, शब्द इथून गेला म्हणून झाडही इथून गेलं असं होत नाही. शब्दाचा प्रवास वेगळा आणि झाडाचा वेगळा.

आता 'सिरिंगा'. ग्रीकमध्ये 'सिरिंक्स' म्हणजे पोकळ नळी, पावा. दवाखान्यातली सिरिंज त्याच शब्दावरून आली. पोकळ करता येतील अशा काड्यांच्या झुडपांना युरोपात हे नाव मिळालं, आणि गोंधळ इथेच सुरू झाला. कारण अशी दोन झुडपं बागेत शेजारी-शेजारी होती: एक लायलॅक आणि दुसरं पांढऱ्या फुलांचं फिलाडेल्फस. दोघांनाही लोक सिरिंगाच म्हणत. १७५३ मध्ये लिनियसने एकाला सिरिंगा आणि दुसऱ्याला फिलाडेल्फस अशी नावं पक्की केली. शास्त्राच्या पुस्तकात वाद मिटला, लोकांच्या तोंडी मात्र नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं राज्यफूल आजही 'सिरिंगा' याच नावाने ओळखलं जातं, आणि ते आहे फिलाडेल्फस!

याहून जवळचं उदाहरण हवंय? आपला बकाण निंब घ्या. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर दिसणारा, कडुनिंबाचा नातलग. इंग्रजीत त्याला 'पर्शियन लायलॅक' असंही म्हणतात. आता समजा, तुम्ही लायलॅकवरचं संदर्भ-साहित्य गोळा करताय आणि शोधपेटीत 'पर्शियन लायलॅक' टाकलंत. तुमच्यासमोर बकाण निंबाच्या फळांचे अर्क आणि कीटकनाशक गुणधर्म यांवरचे शोधनिबंध येतील. कारण खरा पर्शियन लायलॅक, सिरिंगा पर्सिका, हेच इंग्रजी नाव वापरतो. एक कडुनिंबाच्या कुळातला, एक मोगऱ्याच्या. दोघांची आकडेवारी एकाच तक्त्यात गेली तर त्या तक्त्याचं काय करायचं? म्हणून बोलीनावाने शोध सुरू करा, पण नोंद शास्त्रीय नावानेच ठेवा.

आलं कुठून, आणि उगवलं कुठे?

शास्त्रीय नाव मिळालं म्हणजे ओळख पटली का? पुढचा भाग बघा.

सोळाव्या शतकात ओजिए द बुस्बेक नावाचा राजदूत हॅब्सबर्ग दरबाराकडून ऑटोमन सुलतान सुलेमानच्या दरबारी कॉन्स्टँटिनोपलला होता. माणूस चौकस. नाणी, हस्तलिखितं, वनस्पती, काहीच सोडायचा नाही. १५६२ मध्ये तो व्हिएन्नाला परतला, आणि लायलॅक मध्य युरोपातल्या बागांमध्ये आल्याचं श्रेय सर्वसाधारणपणे त्यालाच दिलं जातं. लवकरच, १५६५ मध्ये, माटिओली या इटालियन वैद्य-वनस्पतिज्ञाच्या ग्रंथात या झुडपाचं चित्र छापून आलं.

झुडूप तुर्कांच्या बागेतून आलं, नाव फारसी वळणाचं. मग युरोपातल्या विद्वानांनी निष्कर्ष काढला की याचं मूळ पूर्वेला, इराणच्या बाजूला असणार. तर्क वाईट नव्हता, पण त्याच्या मागे रानातला पुरावा नव्हता. त्या काळात झाडं बघितली जात होती ती बागेत, आणि बागेतलं झाड कुणीतरी आणलेलं असतं.

रानातला पुरावा मिळाला १८२८ मध्ये. आंतोन रोखेल या निसर्गअभ्यासकाला डॅन्यूब नदीजवळच्या बानात प्रदेशात, चुनखडीच्या खडकाळ उतारांवर, लायलॅक आपोआप वाढलेला दिसला. पुढे स्पष्ट होत गेलं की या झुडपाचं घर बाल्कन प्रदेशातले डोंगर आहे. म्हणजे व्हिएन्नाच्या मानाने बघितलं तर ते इराणात नव्हतं, जवळपास शेजारच्या अंगणात होतं! राजधानीच्या बागेत येऊन पोचल्यानंतर त्याचं मूळ गाव सापडायला अडीचशेहून अधिक वर्षं गेली.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवा. 'आणलं कुठून' हा एक प्रश्न, 'उगम कुठला' हा दुसरा. बुस्बेकचा प्रवास पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर रोखेलला डोंगरात जावं लागलं तेव्हा मिळालं.

शास्त्रीय नावसुद्धा दुसऱ्या प्रश्नावर चकवतं, याचं एक झकास उदाहरण आहे: सिरिंगा चायनेन्सिस. नावावरून काय वाटतं? चीनचं झुडूप. प्रत्यक्षात ते फ्रान्समधल्या रूआं शहराच्या वनस्पती उद्यानात १७७७ च्या सुमारास तयार झालं, साधा लायलॅक आणि पर्शियन लायलॅक यांच्या संकरातून. ते चीनमधून आलंय अशा समजुतीने त्याला ते नाव मिळालं. समजूत गेली, नाव राहिलं. नामकरणाच्या नियमांप्रमाणे अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव बदलता येत नाही. तेव्हा नाव हा ओळखीचा क्रमांक समजा. त्यातून जन्मगाव वाचू नका. हे रूआंचं झुडूप लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

अंगणातला लायलॅक: एकच झाड, शंभर घरं

आता राजदरबारातून घरगुती बागेत येऊ. लायलॅक घरोघरी पोचला तो मुख्यतः त्याच्या मुनव्यांमुळे. केळीला जसे बुडाशी मुनवे फुटतात, तसे जुन्या लायलॅकच्या मुळांवरूनही नवे फुटवे येतात. एक फुटवा मुळासकट खणून काढायचा आणि शेजारणीला द्यायचा, लेक सासरी निघाली तर तिच्यासोबत द्यायचा. पैसे मोजून नर्सरीतून आणायची गरज नाही.

बियांपासूनही लायलॅक येतो, पण बियांची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. फुटव्याचं तसं नसतं. तो जनुकीयदृष्ट्या मूळ झाडच असतो, म्हणजे क्लोन. पिढ्यान्‌पिढ्या हाताने वाटलेलं झुडूप हे खरं तर एकच झाड, अनेक घरांत विखुरलेलं.

वसाहतकारांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि इतका रुजला की न्यू हॅम्पशायर राज्याने १९१९ मध्ये जांभळ्या लायलॅकला राज्यफूल केलं, मूळ तिथला नसूनही. न्यू इंग्लंडमध्ये ओस पडलेल्या शेतवाड्यांवर घर पडून जातं, फक्त तळघराचा खड्डा उरतो आणि त्याच्या कडेला लायलॅक दर वसंतात फुलत राहतो. रानात चालताना मध्येच लायलॅक दिसला तर जाणकार आधी आजूबाजूला जोत्याचे दगड शोधतात. झाड स्वतःच ऐतिहासिक पुरावा होतं!

ते घरी कसं वाढवतात, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यातच आहे. भरपूर ऊन, पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन, आणि मातीचा सामू उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी. चुनखडीच्या डोंगरातलं झाड, त्यामुळे आवडही तशीच. छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच, कारण पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या त्याच उन्हाळ्यात तयार होतात. उशिरा, हिवाळ्यात छाटलंत तर पुढचा बहारच कापून टाकलात. जुनं झुडूप माजलं तर दरवर्षी सगळ्यात जून खोडांपैकी साधारण एक तृतीयांश बुडापासून काढायची. तीन वर्षांत झुडूप नवं होतं.

आणि आता मुद्दा. नर्सरीवाले पुष्कळदा नावाजलेल्या वाणाचं कलम दुसऱ्या खुंटावर बांधत. खुंट कधी साध्या लायलॅकचा, कधी प्रिव्हेट या त्याच कुळातल्या कुंपणाच्या झुडपाचा. आपल्याकडे रायवळ कोयीच्या खुंटावर हापूसचं कलम बांधतात, तसंच. मग हापूसचं काय होतं तुम्हाला माहीतच आहे: वरचं कलम मेलं आणि खालून फुटलं, तर दारात रायवळ उभा राहतो आणि घरचे वर्षानुवर्षं त्याला हापूसच म्हणतात. लायलॅकचंही तेच. मुळातून आलेला फुटवा वाणाचा की खुंटाचा, हे न बघता तो शेजारी दिला, तर वाणाचं नाव पुढे जातं, वाण मात्र मागेच राहतो. म्हणूनच जुन्या लायलॅकचे दर्दी स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं रोप मागतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? हातोहात फिरलेल्या पेशी, कल्चर, बियाणं, यांचं याहून वेगळं काय होतं?

नॅन्सीमधली शिडी

ही चिठ्ठी-वाणाची गडबड वाढायचं कारण म्हणजे एकोणिसाव्या शतकात वाणांची संख्याच भराभर वाढली. त्यात सगळ्यात मोठा वाटा फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या व्हिक्टर लेम्वान या रोपवाटिकाकाराचा. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झालं, शहर प्रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं, धंदा थंडावला. त्या काळात लेम्वानने लायलॅकचे संकर हाती घेतले.

त्याच्याकडे दुहेरी पाकळ्यांचा एक जुना वाण होता, 'अझुरिया प्लेना'. फुलं लहान, दिसायला किरकोळ आणि पुंकेसर नसलेली. म्हणजे त्याचा उपयोग फक्त मादी म्हणून. परागकण दुसऱ्या झाडांवरून आणायचे. त्यातलं एक झाड खरोखरच चिनी होतं, सिरिंगा ओब्लाटा. ते रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधल्या बागेतून युरोपात आणलं होतं. फुलं इतकी बारीक की परागण म्हणजे डोळ्यांची परीक्षा, आणि लेम्वानची नजर तेव्हा कमी झालेली. म्हणून शिडीवर चढून, बारीक कुंचल्याने एकेका फुलात परागकण ठेवायचं काम त्याची पत्नी मारी-लुईझ हिने केलं. हाताशी आल्या त्या मोजक्या बिया. त्या मोजक्या बियांपासून सुरू झालेल्या या रोपवाटिकेने पुढच्या पिढ्यांत लायलॅकचे २०० हून अधिक वाण बाजारात आणले. आज ज्यांना 'फ्रेंच लायलॅक' म्हणतात आणि जुन्या बागांमध्ये जे अजून जपले जातात, त्यांत लेम्वान घराण्याचे वाण भरपूर आहेत.

यातून घेण्यासारखं काय? आई कोण, बाप कोण, हे नोंदलं होतं म्हणूनच आज आपण हे वंशवृक्ष सांगू शकतो. आणि दुसरं: वाणाच्या मागे नाव लेम्वानचं लागतं, पण नमुना ज्या हातांनी घडला ते हात मारी-लुईझचे. तुमच्या प्रबंधातही असे हात असतील. शेतावरचे मदतनीस, लॅबमधला परिचर. काम कोणी, कसं केलं हे वहीत लिहा. ते सौजन्य म्हणून तर हवंच, पण पद्धतीचा भाग म्हणूनही हवं.

झुडपाचं झालं मोजमापाचं साधन

आता विज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. १९५६ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जोसेफ कॅप्रिओ या कृषी-हवामानशास्त्रज्ञाने एक साधी कल्पना लढवली. वसंत ऋतू दरवर्षी कधी येतो हे मोजायचंय. तापमापक सगळीकडे नाहीत, पण लायलॅक तर घरोघरी आहे! म्हणून त्याने स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं. लोकांनी आपल्या अंगणातल्या लायलॅकला पहिलं पान कधी फुटलं, पहिलं फूल कधी उमललं याच्या तारखा कळवायच्या. अशा नोंदींच्या अभ्यासाला ऋतुजीवशास्त्र म्हणतात.

तुम्ही लगेच हरकत घ्याल, आणि घ्यायलाच हवी. अंगणातला 'साधा जांभळा लायलॅक' सगळीकडे सारखाच कशावरून? एका गावातलं झुडूप जात्याच लवकर फुलणारं असेल तर? अगदी बरोबर. एक बचाव असा की त्याच झुडपाची नोंद वर्षानुवर्षं घ्यायची, म्हणजे झुडपाची तुलना स्वतःशीच होते. पण दोन गावांची तुलना करायची तर हा बचाव चालत नाही.

म्हणून १९६० च्या दशकात पूर्वेकडच्या राज्यांत असंच जाळं उभारताना एकाच क्लोनची रोपं वाटली गेली. सगळीकडे जनुकीयदृष्ट्या एकच झाड. आता तारखांमध्ये फरक आला तर तो हवामानाचा किंवा जागेचा, जातीचा नाही. निवडलेला क्लोन होता 'रेड रोथोमॅजेन्सिस'. रोथोमॅगस हे रूआं शहराचं जुनं लॅटिन नाव. म्हणजे आपलं तेच 'चिनी' नावाचं फ्रेंच झुडूप!

या नोंदींचा उपयोग पुढे झाला. उत्तर अमेरिकेतल्या लायलॅक आणि हनीसकलच्या नोंदींवर उभ्या केलेल्या वसंत-निर्देशांकांवरून मार्क श्वार्ट्झ आणि सहकाऱ्याने २००० साली दाखवलं की १९५९ ते १९९३ या ३५ वर्षांत वसंत सरासरी ५ ते ६ दिवस अलीकडे सरकला. हवामानबदलाचा हा पुरावा उपग्रहातून आलेला नव्हता. लोकांनी अंगणात उभं राहून कॅलेंडरवर केलेल्या खुणांमधून तो आला.

मर्यादाही सांगायला हवी. क्लोन म्हणजे एकच मोजपट्टी. ती त्या एका झाडाचा प्रतिसाद सांगते. रानातल्या ओक किंवा मेपलने काय केलं असतं हे ती आपोआप सांगत नाही. नमुना जितका नेमका, तितका त्यावरून काढायचा निष्कर्षही बेताचा ठेवायचा.

पूर, आणि परत आलेली रोपं

शेवटची गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलँड गावची. हुल्डा क्लेगर ही जर्मनीत जन्मलेली शेतकरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपल्या घराच्या बागेत लायलॅकचे नवे वाण तयार करत होती. विद्यापीठ नाही, अनुदान नाही. १९४८ मध्ये कोलंबिया नदीला पूर आला आणि तिचे लायलॅक वाहून गेले, कुजून गेले. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. चार दशकांचं काम एका पुरात गेलं.

पण तिने आयुष्यभर रोपं विकली होती, दिली होती. ज्यांच्या अंगणात ती होती, त्या लोकांनी तिचे वाण परत आणून दिले. १९५० मध्ये बाग पुन्हा लोकांसाठी उघडली आणि आजही ती बघता येते. तिच्या वाणांचा खरा साठा तिच्या वाडीत नव्हता, लोकांच्या परसात होता. पण परत आलेलं रोप कोणत्या वाणाचं हे कळलं नसतं, तर ते नुसतंच एक जांभळं झुडूप ठरलं असतं. नमुना वाचतो तो दोन गोष्टींनी: दुसऱ्या जागी ठेवलेली जोड आणि तिच्यासोबतचं नाव.

तर आता पुन्हा मुलाखतीच्या खोलीत चला. समोरचे विचारतील, "नमुना तोच आहे हे कशावरून?" उत्तराच्या तयारीसाठी आजच एका कागदावर पाच ओळी लिहा. शास्त्रीय नाव काय आणि ते कोणी तपासलं. तो हातात कुठून आला, आणि त्याचा मूळ उगम कुठला. या दोन वेगळ्या ओळी. मधे कितीजणांच्या हातून गेला, त्यात खुंट-कलमासारखी अदलाबदल कुठे होऊ शकते. आणि त्याची जोड दुसरीकडे कुठे जपून ठेवली आहे. यातली एखादी ओळ कोरी राहिली तर घाबरू नका. तुमच्या पहिल्या सहामाहीचं काम तिथूनच सुरू होतं.